जोडी खरी की जमवलेली? सेव्रच्या फुलदाण्यांची गोष्ट

हेडफोन लावा. आज कोड नाही, फुलदाण्या. फ्रान्सच्या, अठराव्या शतकातल्या, हाताने रंगवलेल्या. आणि एक नाही, जोडी. जोडी एवढी दुर्मिळ का, हा आजचा प्रश्न.

कारखाना पॅरिसजवळचा. 1740 मध्ये व्हँसेनला सुरू झाला, 1756 मध्ये सेव्रला हलला, आणि 1759 मध्ये राजा पंधरावा लुई याने तो विकतच घेतला. मादाम द पॉम्पादूर ही त्याची मोठी पाठीराखी.

खरी गोची मातीत होती. अस्सल पोर्सिलेनला केओलिन लागतं, आणि फ्रान्समध्ये ते लिमोझजवळ सापडलं 1768 च्या सुमारास. तोवर काचेची पूड मिसळलेली माती वापरायचे. ती भट्टीत आक्रसायची, वाकायची, कधी पार बसायची. बरं, एकदा भाजून भागत नाही. आधी माती, मग ग्लेझ, मग रंग, मग सोनं, प्रत्येक टप्प्याला पुन्हा भट्टी. शेवटच्या फेरीत तडा गेला की सगळं पाण्यात. प्रॉडक्शनला रिलीज करताना क्रॅश व्हावं तसं, फक्त रोलबॅक नाही! आता हेच सगळं दोनदा, मापाला माप जुळवून.

पुढे वाटण्या आणि लिलाव. राज्यक्रांतीनंतर 1793-94 मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातलं सामान लिलावात निघालं. शेकोटीवरच्या फळीवर तीन-पाचचा सेट मांडायचे. त्यामुळे आज 'जोडी' म्हणून दिसतं ते कधी सेटमधलं उरलेलंही असू शकतं.

मग ओळखायचं कसं? तळाशी निळ्या रंगात एकमेकांत गुंफलेले दोन 'एल' असतात, मधे वर्षाचं अक्षर. 'ए' म्हणजे 1753, पुढे 'झेड' म्हणजे 1777, मग 1778 ला 'एए'. शेजारी रंगवणाऱ्याची खूण. थोडक्यात, कमिट लॉग. पण लॉग खोटाही लिहिता येतो ना! एकोणिसाव्या शतकात कारखान्याने जुना न रंगवलेला माल विकून टाकला. तो बाहेरच्या लोकांनी रंगवला, काहींनी जुन्या खुणाही टाकल्या. म्हणजे माती अस्सल, रंग नवा. मला विचाराल तर सगळ्यात बेरकी बनावट हीच.

म्हणून जाणकार नुसत्या खुणेवर जात नाहीत. रंग बघतात: जुन्या मऊ मातीवर तो ग्लेझमध्ये मुरलेला दिसतो, नंतरच्या कडक पोर्सिलेनवर वर बसलेला. शिवाय कारखान्याची भट्टीची आणि विक्रीची रजिस्टरं अजून जपलेली आहेत, तिथे नोंद जुळते का ते तपासतात.

आणि हो, दोन्ही फुलदाण्यांवरची चित्रं वेगळी दिसली तर घाबरू नका. पुष्कळदा ती एकमेकांना पूरक म्हणूनच काढलेली असतात. लंडनमध्ये असाल तर वॉलेस कलेक्शनला जा, तिकीट लागत नाही, आणि सेव्रचा मोठा साठा आहे. फोटो काढायच्या आधी दोन्ही नीट बघा.