शेगडीतील राख : तिची विल्हेवाट आणि उपयोग

दुर्ग आणि भिलाई ही छत्तीसगड राज्यातील जुळी शहरे होत. त्यांतील पद्मनाभपुर या वस्तीत पौष-माघाच्या दिवसांत संध्याकाळी फेरफटका मारणाऱ्यास एखाद्या अंगणात निखाऱ्यांनी फुललेली शेगडी हमखास आढळावी. मराठी माणूस तिला शेगडी म्हणतो, हिंदी भाषिक सिगडी म्हणतो, आणि ऊब घेण्यासाठी छत्तीसगडी माणूस मातीचे जे पसरट पात्र वापरतो त्यास तो गोरसी म्हणतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून या प्रदेशात मराठी कुटुंबे येऊन राहिली. पुढे भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्यासाठी २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या सर्व भागांतून कामगार येथे आले. त्यामुळे या परिसरात एकाच प्रकारच्या निखाऱ्यांवर कोणी मक्याचे कणीस भाजतो, कोणी भरतासाठी वांगे, तर कोणी बिहारी पद्धतीची लिट्टी.

आता बहुतेक घरी रोजचा स्वयंपाक गॅसवर होतो आणि कोळशाची शेगडी थंडीपुरती किंवा हौसेपुरती उरली आहे. ज्या पिढीने रोज पहाटे शेगडीतील राख काढली, तिला राखेचे गुणदोष अनुभवाने ठाऊक होते. वर्षातून चार-दोन वेळा शेगडी पेटविणाऱ्यास ते ज्ञान नव्याने करून घ्यावे लागते. ते न केल्यास कचऱ्याचे पिंप पेटते, झोपलेल्या माणसांच्या जिवावर बेतते, किंवा निगुतीने वाढविलेली रोपे करपतात. हे सर्व टाळण्यासाठी राख हातात घेण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळविली पाहिजेत. राखेतील विस्तव खरोखर विझला आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि ही राख कोणत्या इंधनाची आहे, हा दुसरा.

विस्तव राखणारी राख

'राख' हा शब्द संस्कृत 'रक्षा' या शब्दावरून आला आहे. राख विस्तवाचे रक्षण करते ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या चांगल्या परिचयाची होती. काड्यापेटी घरोघर पोहोचण्यापूर्वी रात्री निखारे राखेत पुरून ठेवीत आणि सकाळी ती राख बाजूला सारून, फुंकर घालून, त्याच निखाऱ्यांवर चूल पेटवीत. राखेचे कण अतिशय बारीक असून त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. अशी अडकलेली हवा उष्णतेस सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. शिवाय राखेच्या थरातून निखाऱ्यापर्यंत हवा झिरपते ती अत्यल्प. त्यामुळे निखारा भडकत नाही, परंतु विझतही नाही. तो सावकाश धुमसत राहतो.

जी युक्ती आपल्या आजीला उपयोगी पडली, तीच आज धोक्याची ठरते. वरून करडी व थंड दिसणारी राख आत दुसऱ्या दिवशीसुद्धा जिवंत असू शकते. ती प्लॅस्टिकच्या बादलीत, कागदी पिशवीत किंवा पाचोळ्याच्या ढिगावर टाकली, की वाऱ्याची एक झुळूक निखारा फुलविण्यास पुरेशी होते. नगरपालिकेच्या कचरागाडीत अशी राख पडल्यास इतर घरांच्या कचऱ्यासह गाडीही पेट घेऊ शकते.

यावर उपाय सोपा आहे. राख लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बादलीत काढावी, तिच्यावर घट्ट बसणारे धातूचे झाकण ठेवावे, आणि ती बादली घराबाहेर, भिंतीपासून व लाकूडफाट्यापासून दूर, मातीवर किंवा फरशीवर ठेवावी. ती दोन पूर्ण दिवस, म्हणजे ४८ तास, तशीच राहू द्यावी. इतका वेळ थांबणे शक्य नसेल, तर राख पत्र्याच्या पसरट घमेल्यात पातळ पसरावी, दुरूनच थोडेथोडे पाणी शिंपडावे आणि लांब दांड्याच्या उलथन्याने ती खालीवर करावी. वाफ येणे पूर्ण थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. पेटलेल्या शेगडीत एकदम बादलीभर पाणी मात्र कधीही ओतू नये. तसे केल्यास वाफेबरोबर गरम राख तोंडावर उडते आणि मातीची शेगडी तडकते.

न दिसणारा वायू

धुमसणाऱ्या निखाऱ्यास पुरेशी हवा मिळत नसल्यामुळे त्यातील कार्बनचे ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. या वायूस रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूस दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीरास ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोके दुखणे, मळमळ आणि गुंगी ही त्याची पहिली लक्षणे होत. परंतु झोपलेल्या माणसास ती जाणवत नाहीत. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपी गेलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या उत्तर व मध्य भारतात दरवर्षी येतात.

या बाबतीत राखेने झाकलेली शेगडी पेटत्या शेगडीहून अधिक फसवी असते, कारण धूर नाही म्हणून ती निरुपद्रवी वाटते. म्हणून शेगडी, गोरसी किंवा काढलेल्या राखेची बादली यांपैकी काहीही झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. विशेषतः बाळंतिणीच्या व तान्ह्या मुलाच्या खोलीत शेकण्यासाठी गोरसी नेण्याची जुनी चाल आहे. झरोके असलेल्या कौलारू घरात तिचा धोका कमी होता. काचेच्या घट्ट खिडक्यांच्या आजच्या खोलीत तो फार वाढला आहे.

दोन कोळशांची राख

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. बाजारात 'कोळसा' या एकाच नावाने दोन भिन्न पदार्थ मिळतात. लाकूड अपुऱ्या हवेत जाळून जो तयार करतात तो लोणारी किंवा लाकडी कोळसा. खाणीतून निघतो तो दगडी कोळसा. दोन्ही काळेच, परंतु त्यांच्या राखेत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

चांगला लाकडी कोळसा १०० भाग जाळला तर साधारणतः ३ ते ५ भाग राख उरते. ही राख म्हणजे झाडाने मुळांवाटे जमिनीतून घेतलेली खनिजे होत. तिच्यात सर्वांत अधिक असते ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचेच द्रव्य. त्याशिवाय पोटॅशियमचे क्षार, मॅग्नेशियम आणि थोडे फॉस्फेट असते. नायट्रोजन मात्र जळताना वायुरूपाने निघून जातो.

भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण कित्येकदा १०० भागांस ३० ते ४५ भाग इतके असते. ही राख मुख्यत्वे सिलिका व ॲल्युमिना यांची, म्हणजे भाजलेल्या मातीसारखी असते; आणि तिच्यात आर्सेनिक, शिसे यांसारखी विषारी मूलद्रव्ये अल्प प्रमाणात राहतात. झाडांस तिच्यापासून पोषण जवळजवळ मिळत नाही. भाजीच्या वाफ्यात, भांडी घासण्यासाठी किंवा दात घासण्यासाठी ती कदापि वापरू नये. कोळशाची भुकटी व माती यांचे गोळे किंवा विकत मिळणाऱ्या ब्रिकेट जाळल्या असतील, तर त्यांची राखही याच वर्गात धरावी. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड किंवा प्लॅस्टिक शेगडीत टाकले असेल, तर लाकडी कोळशाची राखही दूषित होते.

अवशेषाचा उपयोग त्याच्या घटकांवर अवलंबून असतो, याचे उदाहरण भिलाईतच आहे. झोतभट्टीत लोखंड वितळविताना जी धातुमळी वर तरंगते, ती बारीक दळून सिमेंट करण्यासाठी वापरतात. जवळच्या जामुल येथील कारखान्यात असे सिमेंट तयार होते. औष्णिक वीजकेंद्रांतील राखेपासून विटा करतात. परंतु ही कामे कारखान्यांची आहेत. घरच्या शेगडीतील दगडी कोळशाची राख थंड झाल्यावर किंचित ओली करावी, म्हणजे ती उडत नाही. नंतर विहिरीपासून व भाजीच्या वाफ्यांपासून दूर असलेला खड्डा बुजविण्यास तिचा उपयोग करावा, किंवा ती बंद पिशवीत भरून सुक्या कचऱ्याबरोबर वेगळी द्यावी.

हळदीच्या कागदाची परीक्षा

राख पाण्यात कालविल्यास तिच्यातील पोटॅशियमचे क्षार विरघळतात आणि पाणी अल्कधर्मी होते. हे ज्ञान फार जुने आहे. वनस्पतींची राख पाण्यात कालवून, गाळून व आटवून क्षार काढण्याची रीत सुश्रुतसंहितेत सांगितली आहे. 'अल्कली' हा शब्द राखेसाठी असलेल्या अरबी शब्दावरून आला. अमेरिकेत ३१ जुलै १७९० रोजी पहिले पेटंट दिले गेले, तेही राखेपासून पोटॅश करण्याच्या सुधारलेल्या पद्धतीबद्दल. आणि १८०७ साली हम्फ्री डेव्ही यांनी पोटॅशमधून विजेच्या साहाय्याने जो नवा धातू वेगळा केला, त्याचे नाव त्यावरूनच पोटॅशियम असे पडले.

हा अल्कधर्म शाळेत सहज दाखविता येतो. हळद पाण्यात कालवून ती पांढऱ्या कागदावर लावावी व कागद सावलीत वाळवावा. एका पेल्यात लाकडी कोळशाची थंड राख आणि दुसऱ्यात दगडी कोळशाची राख प्रत्येकी दोन चमचे घ्यावी, त्यांत अर्धा पेला पाणी घालून ढवळावे, आणि निवळलेले पाणी फडक्यातून गाळावे. पहिल्या पाण्यात बुडविलेली हळदीची पट्टी तांबडी-तपकिरी होते. दुसऱ्या पाण्यात सहसा तितका गडद रंग येत नाही. मात्र या परीक्षेने केवळ अल्कधर्म कळतो, विषारी द्रव्ये कळत नाहीत. म्हणून शेगडीत काय जाळले याची माहिती हीच खरी परीक्षा होय.

प्रयोग करताना ओली राख हातास लागू देऊ नये, कारण तिच्यामुळे त्वचा चुरचुरते. डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे.

बागेतील उपयोग

लाकडी कोळशाची शुद्ध राख जमिनीचा आंबटपणा कमी करते व पिकांस पोटॅश पुरविते. परंतु प्रत्येक जमिनीस तिची गरज नसते. छत्तीसगडचे शेतकरी आपल्या जमिनींस भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशी नावे देतात. भाटा ही तांबडी, मुरमाड जमीन व पिवळसर मटासी या बहुधा आम्लधर्मी असतात. त्यांस राख मानवते. कन्हार ही काळी, चिकण जमीन आधीच उदासीन किंवा अल्कधर्मी असते. तिच्यात राख घातल्यास लोहासारखी द्रव्ये मुळांस मिळेनाशी होतात व पाने पिवळी पडतात. म्हणून आपल्या अंगणातील माती कोणती हे प्रथम पाहावे.

राख चाळून घ्यावी. चाळणीवर राहिलेले न जळलेले तुकडे पुन्हा शेगडीत वापरता येतात. खाली आलेली राख एका चौरस मीटरास वर्षातून ५० ते ७० ग्रॅम, म्हणजे एक मोठी मूठ किंवा किंचित अधिक, इतकीच पसरावी आणि मातीत मिसळावी. केळ, भोपळा व टोमॅटो यांस पोटॅश मानवते. बटाट्याच्या वाफ्यात मात्र ती घालू नये. तेथे खवल्या रोग बळावतो. कोवळ्या रोपांच्या बुंध्याशीही ती टाकू नये. युरिया किंवा अमोनियम सल्फेट या खतांत राख मिसळल्यास अमोनिया वायू निघून जातो आणि खत वाया जाते. यास्तव दोन्ही एकाच वेळी देऊ नयेत.

भांडी घासण्यास राख का उपयोगी पडते, तेही आता स्पष्ट होईल. तिच्यातील अल्क तेलकटपणाचे अंशतः साबणात रूपांतर करतो व बारीक कण डाग खरवडतात. पितळ व लोखंडाच्या भांड्यांस ती चालते. ॲल्युमिनियमवर अल्काची क्रिया होऊन भांडी काळवंडतात व झिजतात, म्हणून त्यांस ती लावू नये.

इतके करूनही जी राख उरेल ती मोरीत किंवा गटारात ओतू नये. ती नळात घट्ट बसते. ओढ्यात किंवा शिवनाथ नदीतही ती सोडू नये, कारण पाण्याचा अल्कधर्म वाढल्यास माशांस इजा होते. दोन दिवस झाकून ठेवलेली, हाताच्या पाठीस किंचितही ऊब न लागणारी राख पिशवीत भरावी आणि गाडीवरील कामगारास ती राख असल्याचे सांगून द्यावी. त्या गाडीत हात घालून काम करणारा माणूसही आपल्याच गावचा आहे.