फाशीच्या छायेत सोळा वर्षे

नाशिक जिल्ह्यात 2003 साली एका शेतवस्तीवर दरोडा पडला. खून झाले, बलात्कारही झाला. पकडले गेले भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर.

सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सगळ्यांना फाशीची शिक्षा सुनावली. त्यांतला एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे कितीतरी वर्षांनी सिद्ध झाले!

आणि पुरावा? हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळीच माणसे ओळखली होती. त्या चौघांचा तपासच झाला नाही.

5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडले. फाशीची टांगती तलवार घेऊन ते वर्षानुवर्षे कोठडीत जगले. इतकी वर्षे पॅरोलही नाही. न्यायालयाने प्रत्येकी 5 लाखांची भरपाई द्यायला लावली आणि खऱ्या आरोपींना सोडणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले.

अशी भरपाई हक्क म्हणून मिळावी, यासाठी कायदा करा, असे विधी आयोगाने 2018 मध्येच सरकारला सुचवले होते. तो कायदा तातडीने व्हायलाच हवा.