मेंदू-प्रतिमा अभ्यासांतील सांख्यिकीय पद्धतींची नोंद

मेंदूच्या प्रतिमांवरून निष्कर्ष काढताना वापरलेले सांख्यिकीय प्रतिमान, त्यामागील गृहीतके आणि कसोट्या यांचे शोधनिबंधातील सविस्तर निवेदन म्हणजे सांख्यिकीय पद्धतींची नोंद होय. कार्यात्मक एमआरआय (एफएमआरआय) अभ्यासांत तिला विशेष महत्त्व आहे. अशा निबंधांत छापलेला रंगीत नकाशा हे मेंदूचे छायाचित्र नसून गणनेचे फलित असते. गणना कशी केली हे ठाऊक नसल्यास नकाशाचा अर्थ लावता येत नाही.

पार्श्वभूमी

एफएमआरआय यंत्र चेतापेशींची क्रिया थेट मोजत नाही. रक्तातील ऑक्सिजनच्या प्रमाणानुसार बदलणारा संकेत ते टिपते. त्यासाठी मेंदूचे सूक्ष्म घनाकार भाग कल्पिले जातात. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. बहुतेक अभ्यासांत सामान्य रेषीय प्रतिमान वापरतात. सहभागी व्यक्तीला दिलेल्या कार्याच्या वेळापत्रकावरून अपेक्षित संकेत मांडला जातो व प्रत्येक व्हॉक्सेलमधील प्रत्यक्ष संकेत त्याच्याशी कितपत जुळतो, हे तपासले जाते.

बहुविध तुलनांचा प्रश्न

एका व्हॉक्सेलसाठी ०.०५ हा उंबरठा ठरवून १,००,००० व्हॉक्सेलांची तपासणी केली, तर मेंदूत काहीही घडत नसतानाही सुमारे ५,००० व्हॉक्सेल केवळ योगायोगाने 'सक्रिय' ठरतील. म्हणून उंबरठ्यात दुरुस्ती करावी लागते. क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी २००९ साली एका मृत सॅमन माशाला माणसांची छायाचित्रे 'दाखवून' त्याचे एफएमआरआय चित्रण सादर केले. दुरुस्तीविना केलेल्या विश्लेषणात माशाच्या मेंदूतही सक्रियता आढळली. दुरुस्तीनंतर ती नाहीशी झाली. या कामास २०१२ चे इग्नोबेल पारितोषिक मिळाले.

नोंदीत अपेक्षित बाबी

* सहभागी व्यक्तींची संख्या आणि वगळलेल्यांची कारणे
* डोक्याच्या हालचालीची दुरुस्ती, प्रतिमांची प्रमाण नकाशाशी जुळणी इत्यादी पूर्वसंस्कार
* प्रतिमानातील चल आणि तुलना केलेल्या स्थिती
* तपासणी संपूर्ण मेंदूची की पूर्वनिश्चित भागाची
* उंबरठा व बहुविध तुलनांसाठीची दुरुस्ती
* संगणकप्रणालीचे नाव व आवृत्ती

अपुऱ्या नोंदीचे परिणाम

अँडर्स एकलुंड, टॉमस निकोल्स व हान्स क्नुट्सन यांनी २०१६ मध्ये विश्रांत अवस्थेतील माहितीवर काल्पनिक कार्यांचे विश्लेषण केले. चुकीच्या सकारात्मक निष्कर्षांचे अपेक्षित प्रमाण ५ टक्के होते. प्रचलित प्रणालींच्या समूहाधारित कसोट्यांत ते काही वेळा ७० टक्क्यांपर्यंत गेले. हा दोष जुन्या निबंधांना कितपत लागू होतो, हे त्यांत उंबरठा व दुरुस्तीची पद्धत नमूद असेल तरच ठरवता येते.

२०२० मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०८ व्यक्तींची एकच माहिती ७० संशोधक गटांना ९ गृहीतके तपासण्यासाठी देण्यात आली. कोणत्याही दोन गटांची कार्यपद्धती तंतोतंत सारखी नव्हती आणि अनेक गृहीतकांबाबत त्यांचे निष्कर्षही भिन्न होते.

मार्गदर्शक तत्त्वे

रसेल पोल्ड्रॅक व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एफएमआरआय अभ्यासांच्या नोंदीसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मानवी मेंदूच्या मानचित्रणाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या समितीने २०१६ मध्ये 'कोबिडास' हा अहवाल तयार केला. त्यात नोंदवावयाच्या बाबींची तपशीलवार सूची आहे. मूळ माहिती, संगणकीय आज्ञावली व उंबरठा न लावलेले संपूर्ण सांख्यिकीय नकाशे खुले ठेवल्यास इतर संशोधकांना निष्कर्षांची फेरतपासणी करता येते.