आर्तेम वेदेल : हातांनी जपलेलं संगीत



आपण वर्गात समूहगीत घेतो तेव्हा सगळे एकाच चालीत गातात. युक्रेनच्या चर्चमधलं समूहगायन यापेक्षा वेगळं असतं. तिथे मुलांचे उंच आवाज आणि पुरुषांचे खालचे आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या सुरावटी गातात, तरी ऐकायला सगळं एकच वाटतं. शिवाय ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्यं वाजवत नाहीत. पेटी नाही, तबला नाही, जे काही आहे ते गळ्यातच!

अशा संगीताचे एक मोठे रचनाकार म्हणजे आर्तेम वेदेल. त्यांचा जन्म 1767 मध्ये कीव शहरात झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. वेदेल कीव-मोहिला अकादमीत शिकले. बेरेझोव्स्की आणि बोर्तन्यान्स्की हे त्यांच्या आधीचे दोन नामवंत रचनाकार. दोघेही इटलीत जाऊन शिकले; वेदेल मात्र कधीच तिकडे गेले नाहीत. स्वतः उत्तम गायचे, त्यामुळे त्यांच्या रचनांमध्ये एकट्या गायकाला भरपूर वाव असतो.

पुढे सेनापती लेवानिदोव्ह यांच्या आश्रयाने त्यांनी कीव आणि खारकीव इथे गायकवृंद घडवले. पण 1796 मध्ये रशियाच्या गादीवर सम्राट पॉल पहिला आला आणि दिवस फिरले. वृंद मोडला. उपासनेत कॉन्चेर्तो, म्हणजे मोठ्या समूहरचना, गायला बंदी आली. वेदेल कीवला परतले, मठात राहू लागले. 1799 मध्ये त्यांना पकडून, वेडं ठरवून वेड्यांच्या इस्पितळात कोंडलं गेलं. तिथे सुमारे नऊ वर्षं गेली. 1808 मध्ये ते वारले, तेव्हा वय होतं अवघं 41.

मग हे संगीत आपल्यापर्यंत पोहोचलं कसं? गायकांनी ते हातानं उतरवून घेतलं, एकाचं पाहून दुसऱ्यानं! विसाव्या शतकात कोशित्स यांच्यासारख्या वृंदसंचालकांनी ते पुन्हा लोकांसमोर आणलं. त्यांच्या 80 हून अधिक रचनांची नोंद आहे, पण कित्येक हरवल्या. वेदेल यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली एक वही मात्र कीवच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही आहे.

मुलांना नकाशात कीव आणि खारकीव शोधायला सांगा. मग गावातल्या आजीकडून एखादी ओवी ऐकून वहीत उतरवून आणायला सांगा. लिहून ठेवलं म्हणजे काय वाचतं, हे मुलांना आपोआप कळेल.