विश्लेषण : शॉर्ट सेलर खोटा की कंपनी?

शॉर्ट सेलर उसने घेतलेले शेअर विकतो आणि भाव पडल्यावर तेच स्वस्तात घेऊन परत करतो. मधला फरक हा त्याचा नफा. म्हणूनच त्याचे आरोप गुंतवणूकदारांना बदनामी वाटतात. जर्मनीतील ‘वायरकार्ड’ या डिजिटल पेमेंट कंपनीबाबत हेच घडले. हिशेबातील गैरप्रकारांच्या बातम्या आल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘बाफिन’ या नियामकाने या शेअरमध्ये नव्याने शॉर्ट सेलिंग करण्यावरच दोन महिने बंदी घातली. संशय आरोप करणाऱ्यांवर गेला. जून २०२० मध्ये मात्र ताळेबंदातील १.९ अब्ज युरो बहुधा अस्तित्वातच नसल्याची कबुली कंपनीला द्यावी लागली आणि ती दिवाळखोरीत गेली. शॉर्ट सेलरचा स्वार्थ उघडच असतो. पण तेवढ्याने आरोप खोटा ठरत नाही. आधी तपासायला हवा तो ताळेबंद.