कळतं, पण वळत का नाही?

जानेवारीत जिममध्ये ट्रेडमिलसाठी थांबावं लागतं, मार्चमध्ये तीच ट्रेडमिल रिकामी असते. यावर आपलं निदान ठरलेलं: माणूस मुळात आळशी, नव्याचे नऊ दिवस. व्यायामाच्या मानसशास्त्रावर विद्यापीठांमधून झालेलं संशोधन वाचलं, की हे निदान फार टिकत नाही.

गैरसमज : फायदे पटले की लोक व्यायामाला लागतात.

आपली जनजागृती बहुतेक याच भरवशावर चालते. ब्रिटनमधल्या सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकदा तरी सलग वीस मिनिटं व्यायाम, एवढीच अपेक्षा. ज्यांना काहीच सांगितलं नाही, त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांनी तो केला. दुसऱ्या गटाला व्यायाम आणि हृदयविकार यांवरचा मजकूर वाचायला दिला. त्यांचा निश्चय वाढला. व्यायाम करणारे मात्र ३५ टक्केच. तिसऱ्या गटाने तोच मजकूर वाचला आणि शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून दिलं. तिथे प्रमाण थेट ९१ टक्के! हिशेब एकाच आठवड्याचा आणि विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेला, त्यामुळे ९१चं फार कौतुक नको. पण नुसत्या उपदेशाने प्रत्यक्ष व्यायाम वाढला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

गैरसमज : धाप लागली नाही तर तो व्यायामच नव्हे.

मध्यम गतीने चालणंही व्यायामात मोजतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं तेवढ्याच श्रमाचा व्यायाम सुचवते. व्यायामाच्या मानसशास्त्राचे अभ्यासक पँटेलीमॉन एकेकाकिस यांच्या संशोधनात दिसलं, की बोलणं अवघड व्हावं इतका श्रम वाढला की बहुतेकांना व्यायाम चालू असतानाच नकोसा वाटू लागतो. नवख्याला पहिल्याच दिवशी घामाघूम करणारा प्रशिक्षक त्याला परतीची वाट दाखवत असतो, असं माझं मत.

गैरसमज : २१ दिवस केलं की सवय लागते, मध्ये खंड पडला की सगळं वाया.

हे २१ दिवस मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून आले. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान एवढे दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. व्यायामाशी त्याचा संबंध नव्हता. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयी १२ आठवडे मोजल्या, तेव्हा मध्यक ६६ दिवसांचा आला. कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

खंड पडल्यावर परत येण्याचं महत्त्व अमेरिकेत दिसलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी एका जिम-साखळीच्या ६१,२९३ सदस्यांवर चार आठवड्यांचे ५४ कार्यक्रम आजमावले. निष्कर्ष २०२१ साली ‘नेचर’मध्ये आले. सर्वांत सरस ठरला तो खाडा झाल्यावर परत येणाऱ्याला सुमारे ९ सेंटचं जादा बक्षीस देणारा कार्यक्रम. जिमच्या फेऱ्या २७ टक्क्यांनी वाढल्या. कोणता कार्यक्रम चालेल, याबद्दलचे तज्ज्ञांचे अंदाज मात्र चुकले. चार आठवडे संपल्यावरही ज्यांचा ठळक परिणाम टिकला, असे कार्यक्रम होते फक्त ८ टक्के.