सच्चानुरक्खणा : वादातील सत्याचे रक्षण

वर्षावासात अकोला-अमरावतीकडील विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते आणि सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या प्रसंगापाशी हमखास वाद पेटतो. गृहत्याग चार दृश्यांमुळे झाला, की रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत उद्भवलेल्या संघर्षामुळे? अकोल्याच्या एका विहारात अशाच वादात आम्ही आवेशाने सांगून टाकले, “चार दृश्यांची कथा त्रिपिटकात कोठेच नाही.” तेव्हा एका वृद्ध उपासिकेने शांतपणे विचारले, “सर, हे तुमी सोता तपासलं, का आयकलं?”

घरी येऊन आम्ही ग्रंथ उघडले. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात ही कथा नाही, हे खरे. परंतु दीघनिकायातील महापदान सुत्तात ती विपस्सी बुद्धांविषयी सविस्तर येते, आणि बुद्धवंसात गोतम बुद्धांच्या संदर्भातही चार निमित्तांचा उल्लेख आहे. आमचे विधान चुकीचे होते. पुढच्या रविवारी त्याच सभेत आम्ही ते मागे घेतले.

मज्झिमनिकायाचे ९५ वे सुत्त, चंकी सुत्त, नेमके याविषयी आहे. सोळा वर्षांचा कापटिक नावाचा तरुण ब्राह्मण परंपरागत मंत्रांच्या सत्यतेविषयी विचारतो. भगवान पाच आधार सांगतात : श्रद्धा, रुची, परंपरेने ऐकलेले, तर्क आणि विचारांती पटलेले मत. या पाचांपैकी कशावरही आधारलेली गोष्ट खरी ठरू शकते, तशीच खोटीही. म्हणून ‘माझी अशी श्रद्धा आहे’ असे म्हणणारा सत्याचे रक्षण करतो. मात्र तेवढ्यावरून ‘हेच सत्य, बाकी सारे मिथ्या’ असा निष्कर्ष त्याने काढू नये. हीच सच्चानुरक्खणा होय.

बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, बुद्ध ज्या विषयांत निश्चित होते तेथे निर्णायक बोलत. इतर विषयांत त्यांचे मत तात्पुरते असे. चार दृश्यांवरील बाबासाहेबांचा आक्षेप तर विवेकाचा आहे : एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने जरा, व्याधी आणि मृत्यू त्यापूर्वी पाहिलेच नसतील, हे कसे संभवते? या आक्षेपाला आमच्या चुकीच्या विधानाची गरजच नव्हती. उलट प्रतिपक्षाने बुद्धवंस पुढे ठेवला असता, तर आमच्यामुळे एक सबळ युक्तिवाद नाहक दुबळा ठरला असता.

येथे एक गैरसमज टाळावा. नम्रता म्हणजे कचखाऊपणा नव्हे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. अंबादेवी मंदिरातील प्रवेशाचा प्रश्न तिच्यापुढे होता. माणसाच्या समान हक्काविषयी तेथे संशयाला जागा नव्हती, आजही नाही. अस्पृश्यतेचे दुःख हे ऐकीव मत नव्हे. ते भोगलेले सत्य आहे. परंतु प्राचीन घटनेच्या तपशिलाला तीच निश्चिती देता येत नाही. प्रत्येक विधानाला त्याच्या पुराव्याइतकेच वजन द्यावे.

तेव्हा वादात आवाज चढू लागला की, त्या उपासिकेचा प्रश्न प्रथम स्वतःलाच विचारावा : हे आपण तपासले, की ऐकले?